शिडाच्या बोटीचा जुना फर्लर अडकतो, नवा कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की बोट २८ फुटी आहे, गेटवेसमोर मुरिंगवर (पाण्यातच, पक्क्या नांगराला बांधलेली) असते, जिबचा, म्हणजे पुढच्या शिडाचा, फर्लर (शीड गुंडाळायचं यंत्र) जुना झालाय आणि वारा वाढला की शीड गुंडाळताना अडकतो. हार्कन, प्रोफर्ल की फर्लेक्स, असा तुमचा प्रश्न आहे. माझं म्हणणं, कंपनी सगळ्यात शेवटी ठरवा. जुना का अडकतो ते आधी शोधा, नाहीतर नवाही तिथेच अडकेल.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही मांडव्याहून परत येत होतो. दुपारनंतर वायव्येचा वारा चढला. जिब आत घ्यायला गेलो तर ड्रम, म्हणजे दोर ओढला की फिरून शीड गुंडाळणारं खालचं चाक, दोन वेढे फिरला आणि थांबला. मित्राने दोर विंचवर (दोर ओढायच्या चरख्यावर) घेऊन जोर लावला. डोलकाठीच्या टोकाकडून ‘कट्’ असा आवाज आला तेव्हा मी त्याचा हात धरला. दुर्बिणीतून पाहिलं तर हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, फॉइलभोवती (पुढच्या तारेवरच्या, शिडाची किनार खाचेत धरणाऱ्या लांब पट्टीभोवती) दोन वेढे घेऊन बसला होता. शीड धड गुंडाळता येईना, धड खाली उतरवता येईना. शेवटी इंजिन चालू केलं आणि बोट गोल गोल फिरवत ते फडफडणारं शीड कसंबसं फोरस्टे या पुढच्या तारेभोवती लपेटून घेतलं. मे महिन्यात डोलकाठी उतरवली तेव्हा कळलं, फोरस्टेच्या १९ तारांपैकी ३ वरच्या टोकाशी तुटल्या होत्या आणि बाकीच्यांचा पीळ उकलत चालला होता. पुढच्या बाजूने डोलकाठी धरून ठेवते ती हीच तार. तेव्हापासून फर्लरचा दोर विंचवर घ्यायचा नाही, हा आमच्या बोटीवरचा नियम आहे. हाताने फिरत नसेल तर थांबून वर बघायचं.

घोडं बहुतेक वेळा पेंड खातं ते वर, टोकालाच. शीड पूर्ण चढवलं की हॅलयार्डला शिडाच्या डोक्याशी जोडणारं, फिरणारं स्विव्हल फॉइलच्या वरच्या टोकाजवळ यायला हवं आणि तिथून हॅलयार्ड फोरस्टेपासून ८ ते १० अंश मागे, डोलकाठीकडे जायला हवा. तो फोरस्टेला समांतर गेला की स्विव्हलबरोबर फिरतो आणि गुंडाळला जातो. शीड आखूड असेल तर स्विव्हल खालीच राहतं आणि वर हॅलयार्डचा लांब तुकडा मोकळा उरतो. त्यावर उपाय म्हणजे शिडाच्या डोक्याशी तारेचा नेमक्या मापाचा तुकडा जोडायचा. कोनच कमी असेल तर डोलकाठीवर हॅलयार्ड मागे दाबून धरणारी कडी बसवतात. दोन्ही कामं नव्या फर्लरपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत आणि कधीकधी तेवढ्यावरच भागतं. बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) ढिला असेल तर फोरस्टेला झोळ पडतो आणि झोळ पडलेल्या तारेवर कुठलाही फर्लर जड फिरतो, तेही तपासून बघा.

एवढं करूनही ड्रममध्ये खरखर येत असेल, स्विव्हल हाताने फिरवताना अडखळत असेल किंवा फॉइलची खाच झिजून शिडाची किनार बाहेर येत असेल, तर मात्र बदला. बदलताना फोरस्टेही नवा घाला. फॉइलच्या आत ती तार वर्षानुवर्षं दिसतच नाही.

आता तुम्ही विचारलेल्या तिघांबद्दल. हार्कनचे बेअरिंग उघडे असतात, त्यांत टॉरलॉन नावाच्या टणक प्लास्टिकच्या गोळ्या असतात. त्यांना ग्रीस लागत नाही, पण गोड्या पाण्याने नियमित धुवावं लागतं. प्रोफर्लचे बेअरिंग ग्रीस भरून सीलबंद केलेले असतात. फर्लेक्स सहसा नव्या फोरस्टेसकटच येतो, त्यामुळे तारेचं काम त्यातच उरकतं. ग्रीस मात्र अधूनमधून भरावं लागतं. तिन्ही चांगले आहेत. पण आपल्याकडे मुरिंगवर नळ नसतो. डिंगीतून (छोट्या होडीतून) २० लिटरचा कॅन नेऊन, बोटीच्या पुढच्या टोकावर ओणवं होऊन ड्रमवर पाणी ओतायचं, हे दर रविवारी तुमच्याकडून होणार असेल तर हार्कन घ्या, फिरायला तो फार हलका आहे. होणार नसेल तर सीलबंद बेअरिंगचाच घ्या. मी तोच घेतला.

ऑर्डर द्यायच्या आधी मोजायच्या गोष्टी: फोरस्टेच्या तारेची जाडी मिलिमीटरमध्ये, दोन्ही टोकांच्या पिनांची जाडी आणि पिनेपासून पिनेपर्यंतची लांबी. पिना व्हर्नियरनेच मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने माल परत पाठवायची वेळ येते आणि हे सगळं परदेशातून यायचं असल्यामुळे मोसमातले आठवडे वाया जातात. जिबच्या किनारीची दोरी ५ मिमीची आहे की ६ मिमीची, हे शीड शिवणाऱ्याकडून बघून घ्या, कारण ती नव्या फॉइलच्या खाचेत बसली पाहिजे. फोरस्टेच्या दोन्ही टोकांना टॉगल (वळणारा सांधा) हवाच. तो नसला की तार टोकाशी वाकत राहते आणि तिथेच तुटते.

पावसाळ्यात बोट वर काढलेली असते, तेव्हाच हे काम काढा. डोलकाठी आडवी ठेवताना फॉइलला दर दीड-दोन मीटरवर आधार द्या, नाहीतर ॲल्युमिनियमची ती लांब पट्टी स्वतःच्याच वजनाने वाकते. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या प्रत्येक स्टीलच्या स्क्रूला गंज अडवणारी पेस्ट लावा. आमच्या जुन्या ड्रमचे चार स्क्रू शेवटी ड्रिलने काढावे लागले होते.

ड्रमकडे येणारा दोर शेवटच्या पुलीतून ड्रमच्या अक्षाशी काटकोनात यायला हवा, म्हणजे तो एका बाजूला ढीग न होता सारखा गुंडाळला जातो. शीड पूर्ण गुंडाळल्यावरही ड्रमवर तीन-चार वेढे शिल्लक ठेवा, कारण जोराच्या वाऱ्यात शीड जास्त घट्ट गुंडाळलं जातं आणि जास्त दोर लागतो. शीड अर्धंच उघडून चालवायचं असेल तर साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त गुंडाळू नका, त्यापुढे त्याला पोट सुटतं आणि बोट वाऱ्याच्या दिशेने वर चढत नाही.

बोट अजून पाण्यात असेल तर शीड पूर्ण चढवून डोलकाठीच्या टोकाचा बाजूने एक फोटो काढा आणि इथे टाका. हॅलयार्डचा कोन बघून सांगतो.