लीड्सला येताय? आधी औषधांची पिशवी भरा

ताई, तीन वर्षांच्या लेकीला सॉल्ट-वेस्टिंग सीएएच आहे (जन्मजात आजार: अ‍ॅड्रीनल ग्रंथी गरजेचे हार्मोन्स बनवत नाहीत आणि अंगातलं मीठ निघून जातं) आणि मिस्टरांना लीड्सची नोकरी मिळालीय, तर यावं का, असं तुम्ही विचारलंय. या की! आमच्या मुलालाही हेच आहे. तो दोन वर्षांचा असताना आम्ही पुण्याहून इंग्लंडला आलो. लीड्सच्या मुलांच्या हॉस्पिटलात हार्मोन्सचा वेगळा विभाग आहे. खरी कसरत होते ती विमानतळापासून पहिल्या अपॉइंटमेंटपर्यंत.

इथे थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही. आधी जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं, मग तो पत्र देणार. त्यात काही आठवडे, कधी महिने जातात. म्हणून हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन, ही तिची रोजची हार्मोन्सची औषधं, तीन महिन्यांची आणा, तेही केबिन बॅगेत. डॉक्टरांकडून टाइप केलेलं पत्र घ्या: निदान, मिलिग्रॅममध्ये डोस, शेवटचा १७-ओएचपी (आजार किती आटोक्यात आहे ते सांगणारी रक्ततपासणी), वजन, उंची, आणि हायड्रोकॉर्टिसोनचं तातडीचं इंजेक्शन सोबत का आहे ते. आम्ही नुसती फाइल आणली, अर्धी डॉक्टरी अक्षरात. जीपीच्या रिसेप्शनिस्टने ती उलटी धरून वाचली.

प्रवासाचा दिवस साडेचार-साडेपाच तासांनी लांबतो, तेव्हा जादा डोस द्यायचा का, हे निघण्याआधीच विचारून ठेवा.

खर्चाचं म्हणाल, तर व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज भरावा लागतो: मुलांना वर्षाला ७७६ पौंड, सगळ्या वर्षांचे एकदम. पोटात गोळा येतो. पण मग तपासणीची फी नाही, आणि इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्यांना औषधंही फुकट. आपण हायड्रोकॉर्टिसोनची १० मिलिग्रॅमची गोळी कुटून पुड्या बांधतो ना, तसं करावं लागू नये म्हणून इथे अर्ध्या मिलिग्रॅमपासूनचे दाणे मिळतात. महाग असल्यामुळे सरसकट देत नाहीत, पण विचारा.

या आजारात काही मुलींच्या जननेंद्रियाचं ऑपरेशन करतात, त्याबद्दल तुम्ही दबक्या शब्दांत लिहिलंय. आमचा मुलगा, त्यामुळे त्या वाटेने आम्ही गेलो नाही. पण इथे हार्मोनचे डॉक्टर, युरॉलॉजिस्ट आणि मानसतज्ज्ञ एकत्र बसून बोलतात, घाई करत नाहीत. नातेवाईक करतात, त्यांना फोनवर काही सांगू नका.

ते तातडीचं इंजेक्शन द्यायला मात्र दोघांनीही शिकाच. तिच्या वयाला साधारण ५० मिलिग्रॅम, तरी डॉक्टरांकडून लिहून घ्या. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर आधी सुई, मग ९९९ (इथला अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर). फोनवर पहिलेच शब्द ‘अ‍ॅड्रीनल क्रायसिस’, म्हणजे हे हार्मोन कमी पडून जीव धोक्यात येणं; ताप, उलट्या तेवढं सांगितलंत तर व्हायरल समजतील. एक किट घरी, एक नर्सरीत. तिथल्या बायकांना हॉस्पिटलची नर्स येऊन शिकवते.