उत्तर बरोबर, प्रश्न चुकला

प्रश्न असा आहे: ‘डी.एल.एड.ला (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला) प्रवेश मिळालाय, पण कॉलेज अगदी छोटं आहे, शिकवायला पाचच जण. अशा ठिकाणी काही शिकायला मिळतं का? तुमचे शिक्षक कसे होते?’

तुमचं कॉलेज मी पाहिलेलं नाही, त्यामुळे पहिलं उत्तर देणं अवघड आहे. आमच्या शिक्षकांबद्दल मात्र रात्रभर बोलू शकते.

मी 1998 ते 2000 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डी.एड. केलं, म्हणजे तुमच्या डी.एल.एड.चंच जुनं नाव. तेव्हा बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळायचा. कॉलेज म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या, पुढे व्हरांडा आणि लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. शिपायाने त्यावर लोखंडी गज हाणला की तास संपला. इथे कुणाचंही नाव घेत नाही. आम्ही ठेवलेली टोपणनावं लिहिते, ती त्यांनाही ठाऊक होती.

पहिले टाचणसर. मराठी आणि परिसर अभ्यास शिकवायचे. सराव पाठाच्या आदल्या दिवशी पाठ टाचणावर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यावर, त्यांची सही नसेल तर पाठ घ्यायचा नाही, मग तुम्ही कितीही रडा. घटक, उद्दिष्टे, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, फलकलेखन, मूल्यमापन, स्वाध्याय. एकेका पाठाला चार-पाच पानं जायची. हर्बार्ट हा शिक्षणतज्ज्ञ जर्मनीत वारला 1841 साली. त्याच्या शिष्यांनी बसवलेल्या पाठाच्या पायऱ्या आम्ही सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली बसून घोकत होतो. सर स्वतःच म्हणायचे, ‘‘पायऱ्या चढायला असत्यात, बसायला नव्हं.’’

आम्हा अठरा वर्षांच्या पोरापोरींना ते ‘गुरुजी’ आणि ‘बाई’ म्हणायचे, तेही अहो-जाहो करून. ‘‘बसा बाई.’’ पहिल्या आठवड्यात आम्ही तोंडं दाबून हसलो. नंतर मात्र ‘बाई’ म्हटलं की आपोआप पदर, म्हणजे ओढणी, सारखी केली जायची.

माझा पाठ होता चौथीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत. विषय ‘पाणी’. प्रस्तावनेचा खेळ तुम्हालाही लवकरच कळेल: असे प्रश्न विचारायचे की मुलांच्याच तोंडून घटकाचं नाव यावं. मी विचारलं, ‘‘मुलांनो, आपल्याला पाणी कुठून मिळतं?’’ टाचणात अपेक्षित उत्तर लिहिलं होतं, ‘ढगांतून’. अख्खा वर्ग ओरडला, ‘‘टँकरातनं!’’

मी म्हटलं, ‘‘नाही, नीट विचार करून सांगा.’’ मग एक म्हणाला बोरातनं, दुसरा म्हणाला वस्तीवरच्या हिरीतनं. एक पोरगी उभी राहून मला समजावू लागली, ‘‘बाई, तिसऱ्या दिवशी येतंय, सकाळच्याला.’’ मला घाम फुटला. शेवटी मीच ‘ढगांतून’ असं फळ्यावर लिहिलं आणि गाडी पुढे हाकली.

सर मागे बस्करपट्टीवर मुलांच्या रांगेत मांडी घालून बसले होते. शाळेत खुर्ची एकच होती, आणि ती त्यांनी कधीच घेतली नाही. पाठ संपल्यावर वही हातात आली. लाल शाईत एकच ओळ: ‘उत्तर बरोबर आहे. प्रश्न चुकला.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच पाठ, त्याच वर्गावर, पुन्हा घ्यायला लावला. एवढंच सांगितलं, ‘‘टँकर कुठं भरतो, विचारा. तिथनं पोरंच न्हेत्याल तुम्हाला.’’ आणि खरंच नेलं. टँकर भीमेवर भरतो. भीमेला पाणी कधी येतं? उजनी धरणातनं सोडल्यावर. उजनी कशानं भरते? एका पोराला ठाऊक होतं, त्याचा बाप टँकरवर क्लीनर होता: ‘‘पुण्याकडं पाऊस झाला की.’’ आमच्या रानात थेंब पडलेला नसला तरी सह्याद्रीतला पाऊस टँकरमधून आमच्या घागरीत येतो, हे चौथीच्या पोरांनी वीस मिनिटांत लावलं. मी फक्त खडू धरून उभी होते.

मानसशास्त्राच्या मॅडमचं शिकवणं मात्र कंटाळवाणंच होतं, खोटं कशाला बोलू? पिवळ्या पडलेल्या वहीतून पावलोवचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर, शिकण्यावरचे हे जुने प्रयोग, सगळं शब्दन् शब्द लिहून द्यायच्या. पण शाळेत पाठ निरीक्षणाला आल्या की वेगळ्याच बाई वाटायच्या. शिकवणाऱ्याकडे बघायच्याच नाहीत, मुलांकडे बघत बसायच्या. एकदा पाठ संपल्यावर मला म्हणाल्या, ‘‘खिडकीजवळचा तो ढ नाहीये गं. फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतोय, आणि स्वतःचं लिहिताना वही नाकाला लावतोय. डोळे तपासून आणायला सांग घरी.’’ आजही जूनमध्ये नवा वर्ग आला की पहिले पंधरा दिवस मी नाक आणि वही यांच्यातलं अंतर बघत फिरते. बहुतेक वर्षी एखादं चश्म्याचं पोर सापडतंच.

सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठांचा सराव, तोही त्याच घ्यायच्या. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते सांगणं), बारा मिनिटं पुन्हा तयारी, मग परत सहा आणि सहा. छत्तीस मिनिटांचं चक्र, आणि विद्यार्थी कोण तर आपलेच वर्गमित्र. ते इतका दंगा करायचे की खरी चौथीची पोरं पुढे देवमाणसं वाटली.

कार्यानुभवाच्या सरांना आम्ही चिंचोकेसर म्हणायचो. त्यांच्या खिशात कायम चिंचोके. दशक-एकक शिकवायला ज्वारीच्या चिपाडांचे दहा-दहाचे जुडगे, शब्दपट्ट्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. विकतचा तक्ता आणला की तो उलटा टांगून ठेवायचे. खडू किरकिरला तर मोडायचा, आखूड खडू ओरडत नाही, हे त्यांचंच. आणि लिहिताना फळ्याला तोंड, वर्गाला पाठ करायची नाही, तिरकं उभं राहायचं. ही सवय अंगात इतकी मुरलीय की घरी किराण्याची यादीसुद्धा मी तिरकी उभी राहून लिहिते, असं आमचे हे म्हणतात.

इंग्रजीचे सर ‘स्टँड अप’ला ‘इस्टँडप’ म्हणायचे. मागे आम्ही नकला करायचो. पण ‘ओपन द डोअर’ म्हणत खरोखर दार उघडायचं, मुलांकडून उघडवायचं, हे त्यांनी दोन वर्षं करून घेतलं. तोवर मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं, म्हणून आम्हाला ती हौस वाटायची. आणि 2000 च्या जूनपासून इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झालं! मी त्याच वर्षी महिना 3000 रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले, पहिलीचा वर्ग मिळाला. जुन्या गुरुजींच्या पोटात गोळा आला होता. मी आपली ‘इस्टँडप’ म्हणून मोकळी.

प्राचार्यांबद्दल एवढंच सांगते, की परिपाठाला उशीर केला तर ते रागवायचे नाहीत, दारात उभं राहून नमस्कार करायचे. त्यापेक्षा छडी परवडली असती.

ते कॉलेज आता बंद आहे. मधे कित्येक वर्षं शिक्षकभरतीच नव्हती, प्रवेश आटले, आमच्यासारखी बरीच लहान अध्यापक विद्यालयं तशीच मिटली. रुळाचा तुकडा अजून लिंबाला आहे, मागच्या दिवाळीत बघून आले.

आणि तुम्ही पाच म्हणता ना? आमच्याकडे कागदावर सहा होते. पण सहावे कायम पंचायत समितीत कामाला गेलेले असायचे. त्यांचा चेहरा मी निरोप समारंभाच्या फोटोत पहिल्यांदा नीट पाहिला.