बंगाली कवी जीवनानंद दासांवर पाश्चात्त्य कवींचा प्रभाव किती? त्यांची 'बनलता सेन' ही कविता अमेरिकन कवी एडगर ॲलन पोची नक्कल आहे का?

प्रभाव आहे आणि चांगला ठळक आहे. जीवनानंद कलकत्ता विद्यापीठाचे इंग्रजीचे एम. ए., पोटासाठी बरीच वर्षं कॉलेजात इंग्रजीच शिकवली. कीट्स, पो, येट्स अंगात मुरलेले असणारच. पण नक्कल? 'बनलता सेन'पुरतं तरी मला ते पटत नाही.

एडगर ॲलन पोची 'टू हेलन' (1831) शेजारी ठेवून वाचा. तिथे थकलेला भटका, समुद्र, मग नायिकेचे केस आणि चेहरा. 1935 च्या 'बनलता सेन'मध्येही थकवा, समुद्र, सुकाणू मोडलेला खलाशी, केस, चेहरा. सांगाडा उचललाय, वादच नाही. पण पोची हेलन त्याला ग्रीस-रोमच्या वैभवाकडे नेते. जीवनानंदांचा भटका हजारो वर्षं सिंहल समुद्रापासून मलय समुद्रापर्यंत, बिंबिसार-अशोकाच्या धूसर जगातून फिरतो, तिच्या केसांत त्याला विदिशेची रात्र दिसते, चेहऱ्यात श्रावस्तीचं शिल्प. आणि एवढं करून पोचतो कुठे, तर बंगालमधल्या नाटोरला! तेही शेजारीपाजारी सापडेल अशा आडनावाच्या बाईकडे. हेलन हातात दिवा घेऊन पुतळ्यासारखी उभी असते, चकार शब्द बोलत नाही. बनलता सरळ विचारते, 'इतके दिवस कुठे होतात?' ही गंमत पोकडे नाही.

येट्सच्या बाबतीत मात्र बचाव करणं अवघड. त्याच्या एका छोट्या कवितेत तो कर्ल्यू पक्ष्याला म्हणतो, ओरडू नकोस, तुझ्या आवाजाने तिचे डोळे आठवतात. 'हाय चील' या कवितेत जीवनानंद घारीला हेच सांगतात. सुरुवात तर रूपांतरच म्हणावी. फक्त दुपार ओल्या ढगांची आहे, नदी धानसिडी आहे आणि डोळे वेताच्या फळासारखे म्लान.

एलियटचंही नाव घेतलं जातं, विशेषतः नंतरच्या शहरी कवितांसाठी. (आपल्याकडे मर्ढेकरांवरून हाच वाद झाला.) मला त्यापेक्षा 'रूपसी बांगला' हा कवितासंग्रह महत्त्वाचा वाटतो. तो 1957 मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यातली सुनीतं म्हणजे साचा इटलीचा, बंगालीत मधुसूदन दत्तांनी रुळवलेला. आत मात्र भातशेतं, साळुंक्या, घारी आणि पुन्हा तीच धानसिडी. मूळ बंगाली येत नसेल तरी सुरुवात याच संग्रहापासून करा, 'बनलता सेन' नंतर वाचा.