वाचकांचे प्रश्न : ‘फाइल वर गेलीय’ म्हणजे नेमकी कुठं?

प्रश्न : आमच्याकडे ‘नोकरशाही’ म्हटलं की शिवी दिल्यासारखंच वाटतं. तिचा मूळ अर्थ काय आणि ती एवढी बदनाम का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोकरशाहीची लक्षणं मांडली. पदांची उतरंड, लेखी नियम, प्रत्येक निर्णयाची फाइल, पात्रता पाहून भरती, ठरलेला पगार आणि समोरचा माणूस कोणाचा कोण हे न बघता काम. आमच्या मते शेवटचं लक्षण सर्वांत मोलाचं. गोव्यातल्या मुंडकाराचंच पाहा, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्याचं. 1975च्या कायद्यानं त्याच्या राहत्या घराच्या हक्काची नोंद मामलेदारांकडे आली. भाटकाराची मर्जी सांभाळायची गरज उरली नाही, ती लेखी नियमामुळेच.

बदनामीलाही सबळ कारण आहे. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन अभ्यासकानं 1940 मध्ये दाखवून दिलं, की नियम पाळता पाळता तो कशासाठी केला हेच कर्मचारी विसरतात. त्यात आपल्याकडे चुकीच्या सहीची चौकशी होते, न केलेल्या सहीची सहसा होत नाही. त्यामुळे शंका आली की फाइल बाजूला ठेवणं सर्वांत सुरक्षित ठरतं. लोकांचा राग असतो तो या मुकाट बसून राहण्यावर, आणि तो रास्त आहे.

प्रश्न : घराच्या जागेचं विक्रीखत सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून वर्ष होत आलं. म्युटेशनचा (फेरफाराचा) अर्जही दिलाय, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच तो) अजून जुनंच नाव. विचारायला गेलं की ‘फाइल वर गेलीय’ एवढंच ऐकू येतं. काय करावं? – एक वाचक, फोंडा

उत्तर : विक्रीखत नोंदवलं म्हणजे उताऱ्यावर नाव चढलं, असं होत नाही. मामलेदार कार्यालयात फेरफाराची नोंद धरली जाते, हितसंबंध असलेल्या सगळ्यांना नोटिसा जातात, हरकत नसेल तर नोंद प्रमाणित होते. फाइल बहुतेक वेळा नोटिशीपाशीच अडते. उताऱ्यावरचा मूळ मालक वारलेला असतो, वारसांतला एक मुंबईत, एक आखातात, एक पोर्तुगालला. नोटीस ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा घेऊन परत येते आणि पुढं कोणी हलत नाही. वारसांचे आजचे पूर्ण पत्ते वेगळ्या कागदावर लिहून, अर्जाचा इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) घालून स्वतः नेऊन द्या. ते शोधून काढणं कारकुनाच्या हातात नसतं.

दुसरी अडचण नावाची. एकच आडनाव जुन्या दस्तावर पोर्तुगीज वळणानं, उताऱ्यावर इंग्रजी वळणानं आणि आधार कार्डावर तिसऱ्याच तऱ्हेनं लिहिलेलं असतं. या सगळ्या नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र जोडा. विक्रेत्याच्या पत्नीची सहीही तपासा. गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. उताऱ्यावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं तरी विक्रीला दोघांची संमती लागते. ती नसेल तर घाई करून उपयोग नाही, आधी वकिलाला दस्त दाखवा. जागेचा तुकडाच घेतला असेल तर म्युटेशननं तुमचं नाव चढेल, स्वतंत्र पोटहिस्सा होणार नाही. त्यासाठी विभाजनाचा वेगळा अर्ज लागतो.

कोणी हरकत घेतली असेल, तर प्रकरण वादग्रस्त नोंदींच्या रजिस्टरात जातं आणि सुनावणी लागते. मग ‘फाइल कुठं आहे’ विचारू नका, पुढची तारीख विचारा.

यातलं काहीच कळत नसेल तर माहिती अधिकार. 2005च्या कायद्याखाली अर्ज करा, शुल्क 10 रुपये. इथं लोक हमखास चुकतात. ‘माझं काम का झालं नाही?’ असं लिहितात. कायद्यानं मिळते ती नोंदीत असलेली माहिती. ‘का’चं उत्तर फाइलमध्ये नसेल तर ते तयार करून द्यायला अधिकारी बांधील नाही. म्हणून असं लिहा : ‘अमुक इनवर्ड नंबर, अमुक तारखेचा अर्ज आजवर कोणकोणत्या पदावरील कर्मचाऱ्याकडे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, ते कळवावे. फाइलच्या नोटशीटच्या सर्व पानांच्या प्रती द्याव्यात. पाठवलेल्या नोटिसा व त्यांच्या पोचपावत्यांच्या प्रती द्याव्यात.’

नोटशीट म्हणजे फाइलमधली शेऱ्यांची पानं. कारकून टिपण लिहितो, खाली सही आणि तारीख. वरचा अधिकारी त्याखाली आपला शेरा मारतो. दोन सह्यांच्या तारखा शेजारी ठेवून पाहा. मध्ये चार महिन्यांचं अंतर दिसलं, की फाइल कोणाच्या टेबलावर होती ते सांगायला दुसरं कोणी लागत नाही.

उत्तर 30 दिवसांत यायला हवं. नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील. तिथंही निभावलं नाही, तर 90 दिवसांत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग रोज 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो. अनेकदा अर्ज पोचल्यावरच फाइल हलू लागते. काम झालं तरी नोटशीटच्या प्रती घ्या, पुढं विभाजनाच्या वेळी उपयोगी पडतात.

प्रश्न : सरकारी कार्यालयात मराठीतून अर्ज चालतो का? – एक वाचक, पेडणे

उत्तर : चालतो. 1987च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. मात्र सर्व्हे नंबर, पोटहिस्सा आणि मालकाचं नाव उताऱ्यावर जसं आणि ज्या लिपीत छापलंय तसंच उतरवा. अर्ज दोन प्रतींत न्या; दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.