फायटरला जादू द्या, पण तलवार म्यानात असताना चालणारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळाच्या तुमच्या गटात पाचव्या लेव्हलचा फायटर, म्हणजे लढवय्या, आहे; सबक्लास, म्हणजे त्यातली उपशाखा, चॅम्पियन. नुसती तलवार फिरवून त्याचा खेळाडू कंटाळला आहे आणि त्याला आता काहीतरी जादूचं पाहिजे. विझार्ड, म्हणजे मांत्रिक, मात्र व्हायचं नाही, मल्टिक्लासिंग (फायटरबरोबर दुसऱ्या वर्गाच्याही लेव्हल घेणं) नको, पुस्तकभर स्पेल, म्हणजे मंत्र, पाठ करणं तर नकोच. खेळ चालवणारे डीएम म्हणून त्याला काय देता येईल आणि बाकीच्यांना पक्षपात वाटू नये म्हणून काय करावं, हे तुम्ही विचारलंय.

द्याच, असं माझं मत आहे. फक्त ती जादू लढाईतली नसावी, लढाई संपल्यावर उपयोगी पडणारी असावी.

पाचव्या लेव्हलच्या फायटरला लढाईत कमी काय आहे सांगा बरं. एका टर्नला दोन वार करतो, अ‍ॅक्शन सर्ज (त्याच टर्नला जास्तीची एक कृती) काढला तर चार. अंगावर चिलखत, हाताशी जखम भरून काढणारा सेकंड विंड, आणि चॅम्पियन असल्यामुळे वीस बाजूंच्या फाशावर १९ पडला तरी क्रिटिकल, म्हणजे दुप्पट फाशांचा वार. शत्रू समोर असेपर्यंत तो राजा असतो. त्याची पंचाईत नंतर होते. दाराला कुलूप असलं की रोग, म्हणजे गटातला चोर, पुढे सरसावतो. भिंतीवर अनोळखी लिपी दिसली की विझार्डचा हात वर जातो. पाटील खोटं बोलतोय की खरं, हे बार्ड, म्हणजे गटातला शाहीर, काढून घेतो. फायटरवाला तोवर मोबाइल बघत बसतो. असा खेळाडू ‘मला जादू पाहिजे’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला फायरबॉल, म्हणजे शत्रूवर टाकायचा आगीचा गोळा, नको असतो. त्याला त्या मधल्या तासाभरात काहीतरी करायला हवं असतं. आधी हे त्याला एकट्याला गाठून विचारून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं.

नियमांतल्या वाटा आधी सांगते, कारण त्यातली एक तुमच्या अगदी दाराशी आली आहे. फायटरला बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा ताकद, बुद्धी यांसारखी अ‍ॅबिलिटी वाढवायला मिळते. चौथ्या लेव्हलनंतर लगेच सहाव्याला, म्हणजे तुमच्या माणसाला पुढच्याच लेव्हलला. तिथं तो स्कोअर वाढवायच्या ऐवजी फीट, म्हणजे एखादं खास कौशल्य, घेऊ शकतो. मॅजिक इनिशिएट घेतली तर दोन कॅन्ट्रिप (कितीही वेळा चालणारे छोटे स्पेल) आणि पहिल्या लेव्हलचा एक स्पेल दिवसातून एकदा मिळतो. २०२० साली आलेली फे टच्ड घेतली तर मिस्टी स्टेप मिळते, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये क्षणात गायब होऊन तीस फूट पलीकडे.

फीट निवडताना एक गोष्ट कॅरॅक्टर शीट समोर ठेवून तपासा. स्पेलचा सेव्ह डीसी, म्हणजे तो चुकवायला समोरच्यानं फाशावर गाठायचा आकडा, ८ अधिक प्रोफिशियन्सी (लेव्हलबरोबर वाढणारा बोनस) अधिक अ‍ॅबिलिटीचा मॉडिफायर असा निघतो. फायटरची इंटेलिजन्स ८, म्हणजे मॉडिफायर –१, असेल तर पाचव्या लेव्हलला तो ८ + ३ – १, म्हणजे जेमतेम १० होतो. साधा गॉब्लिनही तो निदान निम्म्या वेळा वाचवतो. खेळाडूनं हौसेनं स्पेल टाकायचा आणि दर वेळी तो वाया जायचा, मग हौस किती दिवस टिकणार? म्हणून अशा फायटरनं ज्यात सेव्ह नाही आणि अटॅक रोलही (नेम लागला का ते ठरवणारा फासा) नाही असेच स्पेल घ्यावेत. मिस्टी स्टेप, लाइट (उजेड), मेज हँड (दुरून वस्तू उचलणारा हात), फाइंड फॅमिलिअर (सोबतीचा छोटा प्राणी) हे चालतात. दुसरी अडचण हातांची. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, मग स्पेलची मुद्रा करायची कशानं? टेबलवर आधीच ठरवून ठेवा, नाहीतर ऐन लढाईत त्यावर वाद होतो.

खेळाडूची तयारी असेल तर चॅम्पियन बदलून रून नाइट करून द्या. हा सबक्लासही २०२० चाच. त्याला एकही स्पेल नसतो, शस्त्रावर आणि चिलखतावर कोरलेल्या रून, म्हणजे जादूची अक्षरं, असतात. तो बनवणाऱ्यांनी डीसी इंटेलिजन्सवर न ठेवता कॉन्स्टिट्यूशनवर, म्हणजे अंगातल्या काटकपणावर, ठेवला आहे. फायटरची कॉन्स्टिट्यूशन चांगलीच असते, त्यामुळे वर १० आला तिथं इथं सहज १४ येतो. आणि बहुतेक रूनना लढाईबाहेरचाही उपयोग आहे. स्टोन रून घेतली की १२० फुटांपर्यंत अंधारात दिसतं आणि समोरच्याच्या मनातलं ओळखायला दोन फाशांतला चांगला घ्यायचा अ‍ॅडव्हांटेज मिळतो. खोटं बोलणाऱ्या पाटलासमोर आता तुमचा फायटरही बसू शकतो.

पण तुमच्या खेळाडूला सबक्लास बदलायचा नसेल, आहे त्याच माणसात भर पाहिजे असेल, तर माझ्या टेबलवर जे चाललं ते सांगते.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे, पण दमयंतीही तिथलीच मानतात. म्हणजे नळराजा आमच्याकडचा जावई. महाभारतातली नळाची गोष्ट डीएमच्या नजरेनं पुन्हा वाचा. नळ मांत्रिक नाही, क्षत्रिय आहे. स्वयंवराच्या वेळी इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघं त्याच्यावर प्रसन्न होऊन वर देतात. त्यातला एकही वर शत्रूला मारायचा नाही. पाहिजे तिथं अग्नी, पाहिजे तिथं पाणी, हाताला चव. पुढं राज्य जातं, रूप जातं, तो बाहुक नावानं दुसऱ्या राजाकडे सारथी आणि स्वयंपाकी म्हणून राहतो. शेवटी कुंडिनपुरात, म्हणजे याच कौंडण्यपुरात, दमयंतीची दासी त्याच्यावर नजर ठेवते तेव्हा तिला काय दिसतं? त्यानं नुसतं पाहिलं की रिकामी भांडी पाण्यानं भरतात. मूठभर गवत उन्हात धरलं की ते पेटतं, आणि त्या आगीनं हात भाजत नाही. ठेंगणं दार त्याच्यासाठी उंच होतं. हातात चुरगळलेली फुलं आणखी टवटवीत होतात. दमयंती नवऱ्याला ओळखते ती या खुणांवरून.

लढवय्याला द्यायच्या जादूची ही तयार यादीच आहे. छोट्या गोष्टी आहेत, कुणीतरी दिलेल्या आहेत, आणि त्यावरून माणूस ओळखू येतो.

आमच्या गटात एक भालेकरी आहे. खेळणारा पोरगा दिवसा जिनिंगमध्ये कामाला असतो आणि रविवारी आमच्या छपरीत येऊन बसतो. त्याचं म्हणणं तुमच्या खेळाडूसारखंच होतं. “ताई, मले मांत्रिक नाही व्हायचं. पण सारे काही ना काही करून राहिले, अन् मी आपला भाला धरून उभा.” त्याला मी नळाचं गवत दिलं. कहाणीत आधीच त्यानं एका ओसाड देवळातला विझलेला दिवा स्वतःच्या मशालीवरून लावला होता. कुणी सांगितलं नव्हतं, फायदाही काही नव्हता. त्या देवळातल्या अग्नीनं ते लक्षात ठेवलं, एवढंच कारण.

नियम असा लिहिला: सुक्या गवताची मूठ हातात धरून मनात आणलं की ती पेटते, त्याचा हात भाजत नाही, मशालीइतका उजेड पडतो आणि दहा मिनिटं टिकतो. एका लाँग रेस्टमागे, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीमागे, प्रोफिशियन्सी बोनस असेल तितक्या वेळा, म्हणजे पाचव्या लेव्हलला तीनदा. बोनस वाढला की वेळा आपोआप वाढतात, तुम्हाला पुन्हा हिशेब करावा लागत नाही. हा स्पेल नाही, त्यामुळे काउंटरस्पेलनं तो कुणाला अडवता येत नाही, आणि टिकवायला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे एकाग्रता, लागत नाही. शत्रूवर फेकून नुकसान होत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच? मशाल तर बाजारात मिळते.

ऐका. गडाखालच्या भुयारात पाणी शिरलं, मशाली भिजल्या, विझार्ड शून्य एचपीवर (एचपी म्हणजे जिवाचे गुण), बेशुद्ध पडलेली. अंधारात पुढं जायचं कसं? भालेकऱ्याचा खेळाडू गप्प होता, मग त्यानं विचारलं, वर झरोका आहे म्हणालात, तिथं पक्ष्याचं घरटं असंल का? मी म्हटलं, आहे, सुगरणीचा जुना खोपा अडकलेला आहे. तो लगेच चढायला निघाला, अन् मधेच थांबला. “ताई, पिल्लं तं नाही ना त्यात?” रिकामा आहे म्हटल्यावर त्यानं खोपा उपसला. टेबलावर त्यानं मूठ अशी मिटली होती की खरंच काही धरलंय. विझार्ड खेळणारी मुलगी, जी तेव्हा बेशुद्ध होती, तीच म्हणाली, “पेटव बे लवकर!” उजेड पडला, भिंतीतलं दार दिसलं. त्या दिवशी त्यानं एकही मोठा रोल मारला नाही, तरी तो दिवस त्याचा होता. हेच काम लाइट कॅन्ट्रिपनं झालं असतं तर घरट्याचं कुणाला सुचलं असतं?

म्हणून साधन लागेल अशीच जादू द्या. गवत शोधावं लागतं, भांडं जवळ बाळगावं लागतं, आणि शोधता शोधता खेळाडू तुमच्या जगाकडे नीट बघायला लागतो.

एक अट मी घातली होती आणि ती आधीच उघड सांगितली होती: या आगीनं कुणाचं छप्पर, धान्य किंवा वैरण जाळायची नाही. जाणूनबुजून जाळली तर ज्याचं जळलं त्याचं भरून देईपर्यंत गवत पेटणार नाही. आमच्याकडे कुटाराची गंजी पेटली की त्या घरावर काय वेळ येते हे प्रत्येकानं पाहिलेलं आहे, त्यामुळे ही अट कुणाला समजावून सांगावी लागली नाही. तुमच्या गावाकडे ज्या गोष्टीचं मोल असेल तिची अट घाला. दर वापराला एचपी कापणं, म्हातारपण येणं असल्या अटी मला आवडत नाहीत. खेळाडू मग जादू जपून ठेवतो आणि वापरतच नाही.

पुढची पायरी म्हणून सातव्या लेव्हलला पाणी द्या: दिवसातून एकदा एक घागर भरते. तुमची मोहीम वाळवंटातली असेल आणि तहान हाच तिचा गाभा असेल तर मात्र हे टाळा. दाराचा वर मोठा आहे, त्याला दहाव्यापर्यंत थांबवा. मिटलेलं किंवा पडकं दार त्याला एकदा वाट देतं, पण बाकीच्यांनी त्याच्या मागोमागच निघायचं. रोगच्या कुलुपांवर गदा येऊ नये म्हणून ते आठवड्यातून एकदाच ठेवा.

हे सगळं ऐकूनही तो म्हणाला की मला लढाईतच चमक पाहिजे, तर शस्त्रातून द्या, पण आकडे बघून. फ्लेम टंग तलवार दर वाराला २डी६, म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांइतकं, जास्तीचं आगीचं नुकसान करते. सरासरी ७. दोन हातांची ग्रेटसोर्ड मुळात तेवढंच मारते, म्हणजे फाशांचं नुकसान थेट दुप्पट झालं. अ‍ॅक्शन सर्जच्या टर्नला चारही वार लागले तर जास्तीचेच ८डी६. विझार्डच्या फायरबॉलचे फासे तेवढेच असतात, आणि तिच्याकडे पाचव्या लेव्हलला तिसऱ्या पातळीचे स्लॉट, म्हणजे तो टाकायच्या संधी, दोनच. इथं मात्र खरोखर पक्षपात वाटेल. जास्तीचा १डी६ आणि तोही टर्नमधून एकदाच, इतकं ठेवलं तर तलवार पेटलेली दिसते आणि कुणाचं ताट हिरावलं जात नाही. किंवा कर्णाची शक्ती हे अस्त्र आठवा. इंद्रानं ती एकदाच वापरायला दिली होती, अर्जुनासाठी जपलेली घटोत्कचावर खर्ची पडली. असं एकाच फेकीचं अस्त्र फायटरच्या हाती द्या आणि ते कुणासाठी राखायचं याचा निर्णय त्याच्यावर सोडा.

बाकीच्यांच्या मनाची काळजी तुम्ही करताय हे चांगलंच आहे. देण्याआधी विझार्डच्या खेळाडूशी बोला. “तुझ्या कोणत्या गोष्टीला हात लावू नको?” एवढंच विचारा आणि तिनं सांगितलेलं पाळा. माझ्या गटात तिनं ‘लिपी वाचणं’ आणि ‘जादू ओळखणं’ सांगितलं, म्हणून त्या बाजूला मी भालेकऱ्याला काहीच दिलेलं नाही.

वर देताना तो सेशनच्या शेवटी एक्सपीबरोबर, म्हणजे अनुभवाच्या गुणांबरोबर, वाटू नका. तुमच्या फायटरनं मागच्या काही सेशनमध्ये फायदा नसताना कुणासाठी काय केलं ते आठवा, तिथूनच कुणीतरी त्याला काहीतरी देईल. नियम छोट्या चिठ्ठीवर स्वच्छ लिहून त्याच्या हातात द्या, अटीसकट. मग पुढच्या सेशनमध्ये त्या जादूला वाव मिळेल अशा दोन जागा पेरून ठेवा, आणि तिसरी अशी, की आग लावली तर काम पटकन होईल पण कुणाची तरी गंजी जाईल.