ठेंगणा कॅचर

प्रश्न : मुलीकडे टोरांटोला असताना २०२५ ची बेसबॉलची वर्ल्ड सिरीज पाहिली. तिथल्या ब्लू जेज संघाचा कॅचर अलेहांद्रो कर्क फारच बुटका आणि जाडजूड दिसला. कॅचर उंच व चपळ असावा लागतो, असे जावई म्हणतात. मग हा खालच्या लीगमधून वर पोहोचला कसा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या जावयांचे म्हणणे निराधार नाही. कॅचर हा आपल्या यष्टिरक्षकाचा भाऊबंद खरा. पण त्याला जवळजवळ प्रत्येक चेंडूला बॅटरच्या पाठीशी उकिडवे बसावे लागते, आणि कोणी बेस चोरायला, म्हणजे फटका बसण्याची वाट न पाहता पुढच्या बेसकडे, धावला की उठता उठताच सुमारे १२७ फुटांवरच्या दुसऱ्या बेसकडे चेंडू फेकावा लागतो. त्यामुळे संघांचे निवडकर्ते हाडापेराने दणकट मुले हेरतात. कर्कची अधिकृत उंची पाच फूट आठ इंच आणि वजन सुमारे १११ किलो; या आकड्यांकडे पाहून कोणीही मान हलवली असती.

मेक्सिकोतील तिहुआनाच्या या मुलाला ब्लू जेजने २०१६ मध्ये, तो सतरा वर्षांचा असताना, करारबद्ध केले. पुढचे वर्ष जवळजवळ वाया गेले. २०१८ मध्ये ब्लूफिल्ड येथे, म्हणजे मायनर लीगच्या तळाच्या पायऱ्यांपैकी एकीवर, त्याची सरासरी .३५४ होती; दर शंभर अधिकृत संधींमागे पस्तीस फटके यशस्वी, असा त्याचा अर्थ. तथापि तळाला असे आकडे पुष्कळांचे असतात. मला महत्त्वाचे वाटते ते २०१९. त्या हंगामात लॅन्सिंग व डनिडन या दोन संघांकडून खेळताना तो ३९ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला, तर ५६ वेळा वाईट चेंडू नुसते सोडून देऊन त्याने पहिला बेस मिळवला. विशीतल्या मुलाची नजर इतकी पक्की असेल, तर त्याच्या कमरेचा घेर मोजत बसण्यात अर्थ नसतो.

त्यानंतर सर्वोच्च अशा मेजर लीगच्या आधी मायनर लीगच्या डबल-ए आणि ट्रिपल-ए या दोन पायऱ्या उरल्या होत्या. २०२० मध्ये कोविडमुळे मायनर लीगचा हंगामच रद्द झाला. आणि कॅनडाची सीमा बंद असल्याने ब्लू जेजना आपले घरचे सामने अमेरिकेतील बफेलोच्या मैदानावर खेळावे लागले. हे मैदान एरवी त्यांच्याच ट्रिपल-ए संघाचे. एकही ट्रिपल-ए सामना न खेळलेल्या कर्कने १२ सप्टेंबरला तेथेच थेट मेजर लीगमध्ये पदार्पण केले! २०२२ च्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे मेजर लीगच्या दोन विभागांतील निवडक खेळाडूंच्या लढतीत, तर तो अमेरिकन लीगचा सुरुवातीचा कॅचर होता.

धावण्यात तो आजही संथ आहे, हे जावयांना खुशाल मान्य करावे. मात्र गुडघ्याच्या उंचीला आलेला चेंडू हातमोज्यात अलगद झेलून पंचांना तो स्ट्राइक (बॅटरच्या विरुद्ध मोजला जाणारा चेंडू) वाटावा, या कामात त्याचा हातखंडा आहे, आणि तिथे जमिनीलगत बसणाऱ्या कॅचरला बुटकेपणाची अडचण होत नाही, उलट थोडी मदतच होते.