फातोर्ड्याला निघण्यापूर्वी तिकीट उघडून पाहा

मडगावच्या फातोर्डा मैदानावरील सामन्यांच्या तिकिटांसाठी तुम्ही संघाचे अ‍ॅप नुकतेच घेतले आहे, म्हणून आधी पैशांविषयी सांगतो. यूपीआयने रक्कम खात्यातून गेली आणि तिकीट मात्र दिसले नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि काही वेळाने ‘माझी तिकिटे’ हा भाग पुन्हा उघडा. विक्रेत्याकडे पुष्टी पोहोचली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देय असते. हा नियम ठाऊक असला की तक्रार ठामपणे लिहिता येते.

वेळापत्रक जुनेच दिसत असेल, तर अ‍ॅपची कॅशे, म्हणजे फोनवर तात्पुरती साठवलेली माहिती, पुसा. ‘डेटा पुसा’ हा पर्याय निवडल्यास मात्र पुन्हा लॉगिन करावे लागते. संकेतस्थळ अडत असेल, तर दुसरा ब्राउझर वापरून पाहा.

मैदानाबाहेर, विशेषतः सामना सुरू होण्याआधीच्या गर्दीत, नेटवर्क मंदावू शकते. त्यामुळे तिकीट घरीच उघडून ठेवावे. क्यूआर कोड ठरावीक वेळाने बदलणारा असेल, तर स्क्रीनशॉट चालत नाही, हे आधीच तपासून घ्या.